व्यसनमुक्ती केंद्र बघताना फी सगळ्यात शेवटी विचारा

घरातल्या माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवायचं ठरलं की नातेवाईकांचे पहिले दोन प्रश्न ठरलेले, पैसे किती आणि दिवस किती. दादाच्या वेळी आमच्याकडेपण तेच. काका म्हणाले जवळचं बघा, मामा म्हणाले जिथे कडक शिस्त आहे तिथेच टाका. माझं स्पष्ट मत आहे की हे सगळं नंतर, आधी विचारा की पहिले चार-पाच दिवस डॉक्टर कोण बघणार आणि रात्री दोन वाजता काही झालं तर काय करणार.

कारण सकाळी उठल्या उठल्या घ्यावी लागणाऱ्या माणसाची दारू एकदम बंद झाली की थरथर, घाम, झोप उडणं हे तर होतंच, पण पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतर काहीजणांना भास व्हायला लागतात, आपण कुठे आहोत तेच कळत नाही, यात जीवपण जाऊ शकतो. दादाला तेव्हा चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा, तरी बशीत सांडायचा आणि वहिनी यायच्या आत तो ती बशी पिऊन टाकायचा. अशा माणसाला घरात कोंडून "उतरेल चार दिवसांत" म्हणणं फार धोक्याचं आहे हो. औषधं आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं डॉक्टरच्या नजरेखालीच हवीत. आणि ते "जेवणातून नकळत द्या, दारू सुटेल" वालं औषध अजिबात नको. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असतं, त्यावर माणूस प्यायला तर उलट्या, धडधड, बीपी एकदम खाली. ते माणसाला सांगून, त्याच्या मर्जीने आणि डॉक्टरनेच द्यायचं असतं.

एक केंद्र बघायला गेलो तर ऑफिस छान, सोफा, एसी, भिंतीवर "१०० टक्के गॅरंटी". मी म्हटलं पेशंट राहतात ती खोली दाखवा, तर म्हणे "अलाउड नाही". पहिला महिनाभर फोन नाही, भेट नाही. आणि वर ऑफर, तुम्ही फक्त पत्ता द्या, आमची चार पोरं गाडी घेऊन येतात आणि उचलून आणतात. वहिनी तिथेच उठली, म्हणाली "चला ताई, माझ्या नवऱ्याला चोरासारखं नाही न्यायचं." बरं, मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ मध्ये दारू-ड्रग्जशी संबंधित मानसिक त्रासपण येतात, त्या कायद्याने साखळीने बांधायला सरळ बंदी आहे आणि मर्जीविरुद्ध दाखल करायचं असेल तर त्याची ठरलेली प्रोसिजर आहे, तपासणी आहे, मुदत आहे. त्यामुळे रजिस्ट्रेशनचा कागद मागा, लाजू नका. गॅरंटी देतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा, कारण हा परत परत उलटणारा आजार आहे आणि प्रामाणिक माणूस ते पहिल्याच भेटीत सांगतो.

पुण्यातलं मुक्तांगण आपल्याला माहितीच आहे, १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी सुरू केलं, पु.ल. आणि सुनीताबाईंची मदत होती. तिथेच जा असं मी म्हणत नाही, प्रत्येकाला पुणं जमत नाही. पण असं जुनं केंद्र कसं चालतं ते बघितलं की बाकीची कशी जोखायची ते कळतं. तिथे पेशंटबरोबर घरच्यांचंपण समुपदेशन होतं, बरे झालेले लोकच नव्यांना सांभाळतात आणि घरी गेल्यावर फॉलोअपला यायचं असतं.

हा फॉलोअपच खरा मुद्दा आहे. महिना-दीड महिना आत राहून माणूस परत त्याच गल्लीत, त्याच मित्रांत येतो, येताना वाटेवर तेच परमिट रूम. घरी लगेच सोडणं जमत नसेल तर काही ठिकाणी बाहेर कामाला जाऊन रात्री परत येऊन राहायची सोय असते, त्याची चौकशी करा, विशेषतः एकटा राहणारा असेल तर. गावात एएची, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार द्यायच्या गटाची, मीटिंग कुठे भरते ते डिस्चार्जच्या आधी शोधून ठेवा, ती फुकट असते. घरच्यांसाठी तसाच अल-अनॉन नावाचा गट असतो. वहिनी आधी म्हणायची "मी का जाऊ, मी पिते का", आता दर आठवड्याला जाते, आणि दादाचे खिसे तपासणं तिने बंद केलंय.

आम्ही शेवटी जिथे ठेवलं तिथे मी विचारलं होतं, परत प्यायला तर? आधीच्या ठिकाणी उत्तर मिळालं होतं, परत ॲडमिशन, परत फी. इथल्या मॅडम म्हणाल्या, "त्याच दिवशी फोन करा, ओरडू नका, घेऊन या." फी आम्ही त्यानंतर विचारली.

कुठून सुरुवात करावी तेच सुचत नसेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची टोल-फ्री हेल्पलाइन आहे, आणि तुमचं स्वतःचंच डोकं चालेनासं झालं असेल तर टेली मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६.