रेगेन्सबुर्ग ते आल्टओटिंग : बव्हेरियातली पायी वारी

जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गहून आल्टओटिंगच्या मरियामाईकडे, म्हणजे येशूच्या आईकडे, १८३० पासून पायी वारी जाते. पेंटेकोस्ट या ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या आधीच्या गुरुवारी निघायचं आणि शनिवारी पोचायचं, १११ किलोमीटर. हजारो माणसं चालतात. यंदा त्यांच्यात मीही होते.

सुरुवातीला गव्हाची आणि शुगरबीटची सपाट शेतं लागतात. डिंगोल्फिंगला इसार नदी ओलांडली की चढ-उतार सुरू होतात आणि पोटऱ्या बोलू लागतात. चालताना जपमाळेची प्रार्थना अखंड चालू असते. पुढच्यांनी अर्धी म्हणायची, मागच्यांनी पूर्ण करायची, अभंगाचं ध्रुपद उचलावं तशी. शब्द पाठ नसले तरी पाय त्या लयीत आपोआप पडतात.

विसाव्याला खाणं साधं. मीठ लावलेलं ब्रेझन, म्हणजे गाठीच्या आकाराचा पाव, आणि ओबाझ्दा, म्हणजे पिकलेलं कामेंबेर चीज लोणी, कांदा आणि पाप्रिका घालून कालवलेलं. सोबत पांढरा मुळा, गोल गोल सलग कापून मीठ लावलेला. त्याला पाणी सुटलं की खायचा. उन्हातून आल्यावर या मुळ्याइतकं गोड काही लागलं नाही. वाटसरूला खाऊ घालण्याची रीत इथे जुनीच आहे. आल्टओटिंगच्या मठात ब्रदर कोनराड ४१ वर्षं द्वारपाल होते आणि दारी आलेल्यांना पाव-बिअर देत. १९३४ साली त्यांना संतपद मिळालं.

आल्टओटिंगच्या चौकातलं ते अष्टकोनी देऊळ अगदी लहान आहे. आत मेणबत्त्यांच्या धुराने काळवंडलेली मरियेची लाकडी मूर्ती. १४८९ साली पाण्यात बुडालेलं मूल आईने वेदीवर आणून ठेवलं आणि ते जिवंत झालं, अशी श्रद्धा आहे. तेव्हापासून लोकांची रीघ लागली. मूर्तीसमोरच्या भिंतीत बव्हेरियाच्या राजांची हृदयं चांदीच्या कलशांत ठेवली आहेत. नॉयश्वानस्टाइनचा किल्ला बांधणाऱ्या दुसऱ्या लुडविगचंही.

मी मात्र बाहेरच्या ओवरीतच रेंगाळले. तिथे भिंतीपासून छतापर्यंत नवस फेडल्याच्या रंगवलेल्या पाट्या आहेत. उलटलेली गाडी, जळतं घर, खाटेवरचा आजारी, लढाईतून परतलेला मुलगा आणि वर कोपऱ्यात ढगांमधली मरिया. 'मरियेने तारलं' एवढंच खाली लिहिलेलं. चित्रं बहुधा गावठी हाताची, पण घरं, कपडे, अवजारं सगळं नीट दाखवलेलं. बव्हेरियाच्या शेतकऱ्यांनी कशाकशाची भीती बाळगली, हे मला राजवाड्यांपेक्षा इथे जास्त कळलं. त्याच ओवरीत लोक खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन प्रदक्षिणा घालत होते, काही गुडघ्यांवर. माझ्यासोबत चाललेल्या आजीबाईंनीही एक क्रूस उचलला. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

म्युनिकहून म्युलडॉर्फला गाडी बदलून आल्टओटिंगला सहज जाता येतं. वारी जमली नाही तरी ओवरीसाठी अर्धा दिवस राखून ठेवा.