झाकलेलं कोंबडं

पहाटेचे चार दहा. धायरीतल्या आमच्या इमारतीच्या मागच्या भिंतीला लागून गावठाणातलं एक कौलारू घर आहे. तिथल्या मावशींचा कोंबडा आरवतो आणि तिसऱ्या मजल्यावर मी पंख्याकडे बघत पडून राहतो. तांबडं फुटायला अजून खूप वेळ असतो.

सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम टाकले. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा 45 डेसिबल! सगळ्यांनी पटापट अंगठे टाकले. ‘मावशींशी बोलायला कोण जातंय?’ म्हटल्यावर तेच अंगठे मला दाखवले.

गेलो. मावशी अंगण झाडत होत्या.

“दहा ते सहा होय? त्यालाच सांगून बघा की,” म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. कपबशी हातात देताना म्हणाल्या, “तुमची बिल्डिंग उठत होती तेव्हा दोन वर्षं ते मशीन थडथडत होतं. मी आले होते का कुठं?” मी बशीत चहा ओतला.

अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही, हे मी नेटवर वाचून गेलो होतो. ते मावशींना सांगायचं म्हणजे काय! त्यांना पिल्लं हवी होती. एक कोंबडी खुडूक झाली होती, तिच्याखाली अंडी मांडायची, मग एकवीस दिवस. तोवर तरी रात्री झाकून ठेवू, असं ठरलं. डालग्यावर पोतं आलं, पोत्यावर गोधडी. चार दहाला गोधडीतून आवाज आला, जरा घोगरा, एवढंच. आपली म्हण उगाच नाही. जपानात नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिलं, की सतत मंद उजेडात ठेवलं तरी कोंबडे आपल्या वेळेला आरवतात. घड्याळ त्यांच्या अंगातच असतं.

शेवटी उपाय मावशींनीच काढला. आरवायला कोंबड्याला मान ताणावी लागते. त्यांनी रात्रीपुरतं त्याला बुटक्या खोक्यात ठेवलं, वर फळी. पहाटे नुसतं ‘घर्र’. साडेसहाला फळी काढली की तो बाहेर येऊन राहिलेली सगळी बाकी चुकती करायचा, पण तोवर माझा चहा झालेला असायचा.

पिल्लं निघाल्यावर कोंबडा वेल्ह्याला लेकीकडे गेला. आता साडेदहाच्या मीटिंगमध्ये एखादी कोंबडी अंडं घातल्याचं साऱ्या गावाला सांगते, आणि बंगळुरूचा साहेब विचारतो, “आज किती?”

पिल्लं वाढलीत. दोघांचे तुरे जरा जास्तच लाल दिसतात. परवा त्यातला एक भिंतीवर चढला, मान ताणली आणि खोकल्यासारखं काहीतरी केलं. मावशींनी खालून माझ्याकडे बघितलं. मी खिडकी लावून घेतली. ग्रुपवर अजून काही बोललेलो नाही.