चढा पंचम

शनिवार, रात्री साडेअकरा, दादर

आज दुपारच्या रेकॉर्डिंगला बुवा तंबोरा लावून बसले आणि हेडफोन चढवताच थांबले. त्यांचा षड्ज पांढरी एकचा, म्हणजे हार्मोनियमच्या पहिल्या पांढऱ्या पट्टीचा. ते म्हणाले, “अहो, तंबोऱ्याच्या मागे कुणी मंद्र पंचम धरला आहे का? आणि तोही चढा आहे.” त्या एका वाक्याने माझे अर्धे काम केले. पांढरी एकचा मंद्र पंचम ९८ हर्ट्झच्या आसपास येतो आणि त्याच्या किंचित वर १०० हर्ट्झ बसतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे अर्थिंगच्या गोंधळातून येणारी घरघर बहुधा ५० हर्ट्झची असते. पॉवर सप्लायमधल्या ब्रिज रेक्टिफायरमधून (एसीचा डीसी करणाऱ्या भागातून) गेलेल्या विजेचे मात्र सेकंदाला १०० उंचवटे होतात. दोष वायरिंगमध्ये नसून पॉवर सप्लायमध्ये असावा, हे त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांतच वाटू लागले. सगळ्या माइकच्या केबल काढल्या, तरीही आवाज तसाच राहिला.

आमचा मिक्सर ऐंशीच्या दशकातला, इंग्रजी बनावटीचा, २४ चॅनेलचा. गेल्या वर्षभरात याच तक्रारीसाठी तो दोनदा बाहेर दुरुस्तीला गेला होता आणि दोन्ही वेळा +१७ व्होल्टचा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) बदलून परत आला. मला याचा मनापासून राग येतो. सप्लाय एकटा टेबलावर ठेवून तपासला तर तो १७ व्होल्ट देणारच, कारण त्याच्यावर काही भारच नसतो. मी तो मिक्सरला जोडूनच मोजला. डीसीवर मीटर १६.९ दाखवत होता, म्हणजे वरवर सारे ठीक होते. पण मीटर एसीवर फिरवताच १५० मिलिव्होल्टचे चढउतार दिसले, जिथे चार-पाचदेखील जास्त वाटावेत. मग आठ चॅनेलची मॉड्यूल बाहेर काढली आणि घरघर पूर्ण थांबली. भार कमी होताच जो दोष लपतो, त्याचे मूळ रेग्युलेटरच्या अलीकडे शोधायला हवे.

स्कोप (व्होल्टेजचा आलेख दाखवणारे यंत्र) लावल्यावर ते डोळ्यांनी दिसले. रेग्युलेटरच्या आधीचा व्होल्टेज साडेपंचवीसपर्यंत चढत होता आणि दोन उंचवट्यांच्या मध्ये साडेअठरापर्यंत कोसळत होता. रेग्युलेटरला १७ देण्यासाठी इनपुटवर निदान १९ तरी लागतात. म्हणून प्रत्येक दरीच्या तळाशी क्षणभर त्याचा नियंत्रणावरचा ताबा सुटत होता आणि तोच खळगा प्रीअँपमार्गे (माइकचा आवाज वाढवणाऱ्या भागातून) बुवांच्या कानात पोचत होता. बिचाऱ्या रेग्युलेटरचा यात काहीच दोष नव्हता.

प्लग काढून, १०० ओहमच्या रेझिस्टरने कपॅसिटर (वीज साठवून त्या दऱ्या भरून काढणारे भाग) रिकामे करून मी बोर्ड उलटा केला. मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी तपकिरी चिकट थर होता. प्रथम वाटले की तो गळला आहे, पण नखाने खरवडल्यावर तो कारखान्यात लावलेला गोंद निघाला. हा गोंद जुना झाला की कधीकधी वीज वाहू लागतो, म्हणून तोही साफ केला. कपॅसिटर मात्र बाहेरून अगदी धडधाकट होता: ना फुगलेला, ना ओला. अंगावर ४७०० मायक्रोफॅरड छापलेले आणि मीटरवर १४००. इतकी वर्षे तो हीटसिंकला (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) जवळजवळ चिकटून बसला होता. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि त्याच्यातला ओलावा कधीचाच उडून गेला असणार.

संध्याकाळी भर पावसात लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन १०५ अंशांपर्यंत चालणारे, ५० व्होल्टचे दोन कपॅसिटर आणले. उणे व्होल्टेजच्या बाजूचा कपॅसिटर अजून तक्रार करत नव्हता, तरी दोघांचे वय एकच असल्यामुळे दोन्ही बदलले; नवे आकाराने लहान असल्याने हीटसिंकपासून बोटभर दूर बसवता आले. आधी सिरीजमध्ये बल्ब लावून सप्लाय चालू केला. बल्ब क्षणभर उजळून मंद झाला, तेव्हा थेट वीज दिली. चोवीसही चॅनेल बसवून मोजले तेव्हा उंचवटे आणि दऱ्यांमधले अंतर सव्वादोन व्होल्टवर आले होते. गेले दोन तास सर्व फेडर वर करून हेडफोनमध्ये ऐकतो आहे. पंचम गेला आहे. फँटमच्या (कंडेन्सर माइकला वीज देणाऱ्या) ४८ व्होल्टचा कपॅसिटर अजून मोजायचा आहे. तो उद्या सकाळी मोजेन, बुवा सोमवारी येतात.