बातमीदाराचा फोन आणि प्राध्यापकाचे उत्तर

बातमीदाराला उत्तर दोन तासांत हवे असते आणि प्राध्यापकाला एका विधानाची खातरजमा करायला कधी कधी दोन दिवस लागतात. विद्यापीठे आणि वृत्तमाध्यमे यांच्यातील अवघडलेपणाचे मूळ मला या फरकात दिसते. लसी आणि जनुकीय बदल केलेली पिके यांवरून ब्रिटनमध्ये उठलेल्या वादांनंतर २००२ मध्ये लंडनला सायन्स मीडिया सेंटर सुरू झाले, ते बातमी ताजी असतानाच त्या विषयाचा जाणकार पत्रकारांना गाठून देता यावा म्हणून.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या ‘द कॉन्व्हर्सेशन’ या संकेतस्थळाने वेगळी वाट धरली. तेथे प्राध्यापक स्वतः लिहितात, पत्रकार संपादन करतात आणि लेखकाच्या अंतिम संमतीशिवाय लेख प्रसिद्ध होत नाही. मला ही पद्धत अधिक भावते, कारण मुलाखतीची बातमी होताना ‘बहुधा’ आणि ‘या नमुन्यापुरते’ हेच शब्द आधी गळतात आणि संशोधनाचा नेमका अर्थ बहुतेकदा त्यांच्यातच असतो. शिवाय तेथे लेखकाला आपले आर्थिक हितसंबंध जाहीर करावे लागतात. दूरचित्रवाणीवरील चर्चेत तज्ज्ञ म्हणून बोलणाऱ्या व्यक्तीला हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.