माळवदाची तुळई आणि खाऱ्या पाण्याची टाकी

२०१६ च्या उन्हाळ्यात ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात बैठकीच्या खोलीत समुद्र मांडण्याची हौस काहीशी निर्लज्जपणाची आहे, हे मी आधीच मान्य करतो. घरात या विषयावर बोलणी खाऊन झाली आहेत. इथे मला लिहायचे आहे ते त्या समुद्राखालच्या लाकडी स्टँडबद्दल, कारण मासे निवडण्यापेक्षा तो बनवण्यातच माझा अधिक काळ गेला आणि अधिक शिकायला मिळाले तेही त्यातच.

टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच आहे. दहा मिलिमीटर जाडीच्या काचेचेच वजन पन्नास किलोच्या आसपास भरते. आत साधारण २१० लिटर पाणी मावते आणि मिठामुळे ते लिटरमागे सुमारे पंचवीस ग्रॅम अधिकच वजनदार असते. त्यात खडक आणि वाळू मिळून पंचेचाळीस किलो. म्हणजे काचेच्या तळाखाली सुमारे ३१० किलो रात्रंदिवस उभे राहणार. ऐकायला आकडा मोठा वाटतो, परंतु तीन इंची चौरस खांब चार धरले तर प्रत्येकाच्या वाट्याला ऐंशी किलो येतात आणि हिशेब चौरस सेंटिमीटरला दीड किलोपर्यंतही पोहोचत नाही. सागवान याच्या कितीतरी पट भार सहज पेलते. खांब चिरडण्याची भीती व्यर्थ आहे. भीती बाळगायची ती सांध्यांची.

ही गोष्ट मला औसा तालुक्यातल्या आमच्या आजोळच्या माळवदाने, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घराने, शिकवली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीची रात्र सरता सरता, किल्लारीच्या भूकंपात त्या घराची दगडमातीची मागची भिंत बाहेरच्या बाजूला कोसळली. मात्र खांबांवर टेकलेल्या तुळया आणि त्यांच्यावरचे मातीचे छत जागेवरच राहिले. सगळ्या घरांचे नशीब तसे नव्हते. आम्ही मुले तेव्हा ते नुसतेच पाहत राहिलो. एवढा मातीचा भार कोणत्या खिळ्याने धरला असेल, हा प्रश्न मला कित्येक वर्षांनी, स्टँडचे चित्र काढताना पडला. उत्तर असे की कोणत्याच नाही: तुळई खांबाच्या डोक्यावर ठेवलेली होती, खांब दगडी उथळ्यावर उभा होता, आणि भार सरळ खाली जमिनीत उतरत होता.

माझ्या पहिल्या आराखड्यात आडव्या पट्ट्या खांबांच्या बाजूला स्क्रूने जोडलेल्या होत्या, म्हणजे सगळे ३१० किलो सोळा स्क्रूंवर लटकणार होते. माझ्या मदतीला आलेल्या सुतारमामांनी कागद पाहिला आणि म्हणाले, “सर, खिळ्यानं लाकूड धरायचं असतंय, वज्जं लाकडानंच पेलायचं.” मग आम्ही खांबाच्या डोक्यात खाच काढून आडवे लाकूड तिच्यात बसवले. स्क्रू आहेत, पण ते केवळ लाकूड हलू नये म्हणून.

लाकूडही आम्ही माळवदाचेच घेतले. जुनी घरे पाडली जातात तेव्हा त्यांच्या तुळया, खांब, दारे विकायला येतात. कित्येक दशके वाळलेले हे सागवान नव्या लाकडासारखे पुढे वाकत नाही. चुलीच्या धुराने ते काळेकुट्ट झालेले असते आणि रंधा फिरू लागला की खालून सोनेरी रंग उघडा पडतो. मात्र आत तुटून राहिलेले खिळे करवतीचे दात खातात. आमची दोन पाती गेली, तेव्हा कुठे लोहचुंबक फिरवून पाहण्याची अक्कल सुचली.

वरची आडवी लाकडे चार इंच बाय दोन इंचांची आहेत आणि ती उभी बसवली आहेत. तेच लाकूड आडवे निजवले तर त्याचा ताठपणा चौथा हिस्साच उरतो, म्हणून समोर मधला खांब न देताही चार फुटांचा गाळा पेलता आला आणि खालची गाळणीची टाकी सरळ आत सरकवता येते. पाठीमागे अठरा मिलिमीटरचे मरीन प्लायवूड पूर्ण ठोकले आहे, फक्त नळ्यांसाठी दोन भोके आणि हवेसाठी वर एक फट ठेवली. हे प्लायवूड दिसायला झाकण असले तरी त्याचे खरे काम स्टँडला बाजूला झुकू न देणे हे आहे. लातूरकर असल्यामुळे मी दोन लोखंडी पट्ट्यांनी स्टँड भिंतीलाही जखडले. त्याबद्दल कोणी हसले तर हसो.

खारे पाणी लोखंडाला सोडत नाही, म्हणून आत सगळे स्क्रू स्टेनलेस स्टीलचे वापरले आणि खांबांच्या तळांसह प्रत्येक बाजूला इपॉक्सीचे तीन हात दिले. विजेचा बोर्ड स्टँडबाहेर, उंचावर आहे. प्रत्येक वायर आधी बोर्डाच्या खाली झोल देऊन मग वर नेली आहे, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोलातूनच खाली ठिबकते. वीज गेली की पंप थांबतो आणि वरच्या टाकीतले काही पाणी खाली उतरते, त्यामुळे खालच्या टाकीत तेवढी जागा रिकामी ठेवावी लागते. आमच्या भागात ही सूचना कागदावर राहत नाही; पहिल्याच आठवड्यात तिची तीनदा परीक्षा झाली.

खरी फजिती जमिनीने केली. बैठकीतल्या शहाबादी फरशीला पाणी बाहेर जावे म्हणून दाराकडे उतार दिलेला आहे, हे मी त्या घरात राहूनही विसरलो होतो. साधे पाणी भरून चाचणी घेतली, तेव्हा काचेच्या कडेपासून पाण्यापर्यंतचे अंतर चारही कोपऱ्यांत मोजले. भरलेल्या टाकीसारखी पाणसळ दुसरी नाही. डावीकडे ते सहा मिलिमीटर कमी भरले. सरळ उतार काच एक वेळ सोसते, परंतु एखादा खांब अधांतरी राहिला तर टाकीला पीळ बसतो आणि तो सिलिकॉनच्या सांध्यांना झेपत नाही. आमच्याकडे सुदैवाने नुसता उतार होता. दोनशे लिटर पाणी बादल्यांनी काढून धुण्याला आणि झाडांना घातले, उजवीकडचे दोन्ही खांब खालून सहा मिलिमीटर कापले, तळाला पुन्हा इपॉक्सी दिली. पाचर मारून काम भागले असते, पण रोजच्या पोछ्याने फुगणाऱ्या पाचरेवर टाकी ठेवायला मन धजेना. मग प्लायवूडच्या फळीवर थर्माकोलचा जाड तुकडा अंथरून टाकी परत ठेवली आणि आठ दिवस साध्या पाण्यानेच भरून ठेवली. चारही कोपऱ्यांतली मापे हलली नाहीत.

त्यानंतर शुद्ध केलेल्या पाण्यात लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम या हिशेबाने मीठ विरघळवून पंप सुरू केला. तिसऱ्या आठवड्यात स्टँडच्या दाराच्या खालच्या बिजागरीवर मिठाचा पहिला पांढरा पापुद्रा दिसला. दर रविवारी तो ओल्या फडक्याने पुसून काढतो.