प्रत्येक माप बरोबर, तरीही गिरमिट डोलत होते

रबाळे एमआयडीसीतल्या ज्या लहान कारखान्यात मी तपासणी विभाग सांभाळतो, तिथे गेली दोन वर्षे एक नग नियमित बनतो आहे. बॅटरीवर चालणाऱ्या हातातल्या ड्रिल मशीनला बर्फ खणायचे गिरमिट जोडणारा हा अडॅप्टर आहे. त्याच्या एका टोकाला ड्रिलच्या १३ मिमी चकमध्ये बसणारी षटकोनी दांडी असते आणि दुसऱ्या टोकाला गिरमिटाचा १८ मिमीचा दांडा घेणारा बोअर असतो. गोठलेल्या तळ्यावर भोक पाडून मासे धरणारे लोक तो वापरतात. आमच्यापैकी कोणीही असे तळे पाहिलेले नाही. मात्र हे गिरमिट मासेमारीपुरतेच नसते, हे मला कामाच्या निमित्ताने वाचताना कळले. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात पायी जाणाऱ्याला किमान ४ इंच जाडीचा नवा, नितळ बर्फ हवा असे सरकारी विभाग सांगतो, आणि ती जाडी माणूस पुढे जाता जाता भोक पाडूनच पाहतो.

मार्चमध्ये ग्राहकाकडून तक्रार आली की गिरमिट फिरताना जोरात डोलते आणि ड्रिल धरणाऱ्याच्या मनगटाला झटके बसतात. तक्रारीसोबत पाच अडॅप्टर आणि एक ६ इंची गिरमिट कुरिअरने आले. माझी पहिली प्रतिक्रिया सांगायलाच हवी. मी त्या लॉटचे तपासणीपत्रक काढले, प्रत्येक माप मर्यादेत असल्याचे पाहिले, आणि दोष आपला नाही असे शेठना सांगितले.

लेथवरच्या मामांनी पत्रकाकडे पाहिलेही नाही. त्यांनी एक अडॅप्टर षटकोनी टोकाकडून कोलेटमध्ये (सर्व बाजूंनी सारखे पकडणाऱ्या पकडीत) धरला, बोअरमध्ये घट्ट बसणारा सरळ दांडा, म्हणजे मँड्रेल, घातला आणि मला डायल, म्हणजे बारीक हालचाल सुईने दाखवणारे मापक, लावायला सांगितले. बोअरच्या तोंडापाशी सुई ०.१ मिमी हलली. तिथून १०० मिमी पुढे तीच सुई ०.७ मिमी हलली. बोअर मध्यापासून सरकला असता तर दोन्हीकडे सारखेच वाचन आले असते. वाढत गेलेले वाचन म्हणजे बोअरचा अक्षच षटकोनाच्या अक्षाशी तिरका होता. दर १०० मिमीला ०.६ वाढत असेल, तर ९०० मिमीवरच्या पात्यापाशी टोक एकूण सुमारे साडेपाच मिलिमीटर इकडून तिकडे हलत फिरणार. पाचही नग कमीअधिक तसेच निघाले.

ग्राहकाच्या ड्रॉइंगमध्ये बोअरचा व्यास होता, षटकोनाचे माप होते, लांबी होती, आणि या सर्वांना टॉलरन्स, म्हणजे किती फरक चालेल त्याची मर्यादा, दिलेला होता. षटकोन आणि बोअर एका अक्षावर असावेत, असे त्यात कुठेही लिहिलेले नव्हते. ड्रॉइंगवर नाही म्हणून मी ते कधी मोजले नाही. गो-नो-गो गेज (माप मर्यादेत आहे की नाही एवढेच सांगणारे साधन) बोअरमध्ये घातला, षटकोनावर मायक्रोमीटर लावला आणि सही केली. एक भाग दुसऱ्या भागाच्या संदर्भात कुठे आहे हा प्रश्न दोन वर्षांत मी एकदाही विचारला नाही.

मामांनी मात्र विचारला होता. पहिला लॉट सुरू झाला तेव्हा, नग उलटा करून दुसऱ्या बाजूचा बोअर करताना लेथच्या साध्या, कठीण जबड्यांमध्ये (हार्ड जॉ) पकड जेमतेम १२ मिमीची मिळते, तेवढ्यात एखादी बुरी (कडेवर राहिलेला धातूचा बारीक कण) अडकली तरी जॉब तिरका बसतो, तेव्हा सॉफ्ट जॉ, म्हणजे नगाच्या मापाला कोरता येणारे मऊ धातूचे जबडे, बोअर करून घेऊ, असे ते म्हणाले होते. सॉफ्ट जॉच्या सेटिंगला चाळीस मिनिटे जातात आणि माल उशिरा चालला होता, म्हणून प्लॅनिंगवाल्यांनी नकार दिला. आमच्या धंद्यात हे रोज घडते: मशीनवर चाळीस वर्षे उभ्या राहिलेल्या माणसाचे म्हणणे वेळापत्रकाच्या एका रकान्यासाठी बाजूला पडते आणि त्याची कुठे नोंदही राहत नाही.

सॉफ्ट जॉवर दहा नग नव्याने केले. मँड्रेलवर १०० मिमीला ०.०५ च्या आत वाचन आले आणि हवेत फिरवल्यावर गिरमिट डोळ्यांना स्थिर दिसले. शेठ तिथेच थांबायला तयार होते. मी बर्फ मागितला.

दिवाळे कोळीवाड्याकडून गोणपाटात गुंडाळलेल्या दोन लाद्या टेम्पोने आल्या आणि मे महिन्याच्या दुपारी शेडमध्ये लाकडी पॅलेटवर ठेवल्या. पहिले भोक मी लादीच्या मधोमध पाडायला घेतले आणि गिरमिट भरकटले. बर्फ आणणाऱ्या दादांनी मला थांबवले. "साहेब, पोटात नका करू, तिथं बर्फ पोकळ असतो. कडेला बघा कसा काचेसारखा आहे." त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. डब्यातले पाणी भिंतींकडून आत गोठत जाते, त्यातली हवा आणि क्षार मध्याकडे ढकलले जातात, म्हणून लादीचे पोट पांढरे आणि भुसभुशीत राहते. कडेच्या नितळ बर्फात ड्रिल पहिल्या गिअरवर ठेवून दुसरे भोक पाडले. अडॅप्टर सरळ होता, बर्फ एकसारखा होता, आणि तरीही झटके माझ्या मनगटाला स्पष्ट जाणवले. भोक मोजले तर १५२ मिमीच्या गिरमिटाने जवळपास १६० मिमीचे भोक पाडले होते.

मग गिरमिट व्ही-ब्लॉकवर (V आकाराच्या खाचेच्या ठोकळ्यावर) आडवे ठेवले, मागे सरकू नये म्हणून दांड्याला स्टॉप दिला आणि दोन्ही पात्यांच्या धारेवर आळीपाळीने डायल टेकवला. एक पाते दुसऱ्यापेक्षा ०.८ मिमी पुढे होते, कारण त्याच्या बैठकीवर पावडर कोटिंगचा, म्हणजे रंगाचा, थर साचलेला होता. दोन पाती सारखी कापतात तेव्हा त्यांचे बाजूचे दाब एकमेकांना तोलतात. एकच पाते जास्त खात असेल तर उरलेला दाब गिरमिटासोबत फिरत राहतो आणि त्याला गोल ढकलत भोक मोठे करतो. मागे राहिलेल्या पात्याखाली ०.८ मिमीची शिम, म्हणजे पातळ पत्र्याची पट्टी, घालून तिसरे भोक पाडले. ते एका दमात, शांतपणे खाली गेले. त्यानंतर जुना, तिरका अडॅप्टर लावून चौथे पाडले, आणि झटके परत आले, पण दुसऱ्या भोकाइतके नाहीत.

तेव्हापासून मी या चौथ्या भोकाचाच विचार करतो आहे. आमचा दोष खरा होता, पण बर्फात शिरल्यावर मोठा दोष पात्यांचा होता, आणि हवेतल्या चाचणीवर आम्ही समाधान मानले असते तर तो कधीच कळला नसता.

मी अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या. शेठनी पात्यांचा परिच्छेद काढायला लावला. "आपल्या चुकीच्या पत्रात त्यांची चूक लिहिली, की ते आपली चूक वाचायचे सोडून भांडायला उभे राहतात. आपला माल सुधारा, पैसे परत द्या, विषय संपला." हे म्हणणे मला सर्वस्वी चुकीचे वाटत नाही, तीस वर्षे ग्राहक सांभाळलेल्या माणसाचा तो अनुभव आहे. पण तळ्याच्या मध्यावर मनगटाला झटका बसणारा माणूस या पत्रव्यवहारात कुठेच नाही. बदली माल गेला. त्यातला प्रत्येक नग मँड्रेलवर तपासलेला आहे आणि आमच्या पत्रकात त्यासाठी नवा रकाना आहे.

ग्राहकाचे गिरमिट पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. शिम मी काढून ठेवली आहे, बैठकीवरचा रंग खरवडलेला नाही, आणि दोन्ही पात्यांची वाचने व चारही भोकांची मापे लिहिलेला कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून दांड्याला सुतळीने बांधला आहे. पॅकिंगच्या आधी शेठ तो पाहतील.