तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: त्या बँडचं पुढे काय होणार?

परभणीत माझ्या ओळखीत 'इंडियन ओशन' मनापासून ऐकणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्यामुळे या बँडबद्दल काहीही कानावर आलं की विचारणा माझ्याकडे होते. शिकवणीतली पोरं विचारतात, मेव्हणे विचारतात, पुण्यात नोकरी करणारे जुने मित्र सणाला आले की तेही विचारतात. प्रश्न थोड्याफार फरकाने एकच: "आता अल्बम कोण विकत घेतं हो? तुमचे हे लोक आणखी किती दिवस चालणार? दहा वर्षांनी कुणाच्या लक्षात तरी राहतील का?" विचारणाऱ्या बहुतेकांना खरोखर काळजी असते. मलाही आहे, पण ती विक्रीची नाही. कशाची आहे, ते एकदा नीट सांगतो.

ज्यांना बँड माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सुस्मित सेन यांची गिटार आणि असीम चक्रवर्ती यांचा तबला व गळा, यातून १९९० साली दिल्लीत हा बँड उभा राहिला. पुढे बास गिटार घेऊन राहुल राम आले, ड्रम्सवर अमित किलम आले. राहुल राम हे कॉर्नेल विद्यापीठाचे पीएचडी आणि नर्मदा आंदोलनातले कार्यकर्ते. 'मा रेवा' हे नर्मदेचं गाणं त्या वाटेनेच बँडकडे आलं. पहिला अल्बम १९९३ चा. २००० साली 'कंदिसा' आला. त्याचं शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. नंतर २००३ साली 'झीनी', त्यात कबीर. हिरो नाही, हिरॉइन नाही, आठ-आठ मिनिटांची गाणी. अशा गाण्यांना बाजारात जागा नसते असं तेव्हाही लोक म्हणायचेच.

आता विक्रीचं. कंपनीच्या वहीत परभणी-हिंगोलीच्या नावावर या बँडच्या चार कॅसेटी तरी खपल्याची नोंद असेल असं मला वाटत नाही. आणि तरीही आम्ही ऐकत होतो. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक कॅसेटचं दुकान होतं. काउंटरच्या मागे दोन डेक एकमेकांना जोडलेले. कोरी कॅसेट घ्यायची, साठची की नव्वदची ते सांगायचं, गाण्यांची यादी कागदावर लिहून द्यायची आणि संध्याकाळी 'भरलेली' कॅसेट न्यायची. दुकानदार आतल्या कार्डावर बॉलपेनने बारीक अक्षरात गाण्यांची नावं लिहायचा. शेवटी स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा इवलासा तुकडा मोडायचा, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरं काही भरलं जात नसे. माझी 'कंदिसा' अशीच आली. मूळ कॅसेट पुण्याच्या हॉस्टेलवर, तिच्यावरून भरलेली नांदेडला, तिच्यावरून भरलेली माझ्याकडे. प्रत्येक वेळी मागची खरखर थोडी वाढलेली. असीमदांचा तबला त्या खरखरीतूनही लख्ख वाजायचा. मूळ कॅसेट इथल्या दुकानात यायचीच नाही, तेव्हा याबद्दल कुणी आज नाक मुरडू नये.

पुढे एका सीडीत शेदीडशे गाणी मावू लागली. मग मेमरी कार्ड आलं. तेच दुकान मोबाईलचं झालं आणि काचेवर चिठ्ठी लागली, 'गाणी भरून मिळतील'. भरणारा पोरगा विचारायचा, "काय टाकू? भीमगीतं, हिंदी, लोकगीतं, डीजे?" ट्रॅक्टरच्या टेपपासून वसतिगृहाच्या खोलीपर्यंत सगळा मराठवाडा या भरलेल्या कार्डांवर गाणी ऐकत होता. यातलं एकही ऐकणं कुठल्या आकड्यात गेलं नाही. म्हणून "विक्री घसरली, आता संपले" असं कुणी म्हणालं की माझं उत्तर ठरलेलं असतं: ज्या वहीत आपण कधी नव्हतोच, त्या वहीत आपण कमी झालो म्हणून रडायचं कशाला?

बँडने स्वतःच ही वही बाजूला ठेवली होती, हे फार जणांना माहीत नाही. २५ डिसेंबर २००९ ला असीम चक्रवर्ती गेले. त्यांचा आवाज असलेली गाणी ध्वनिमुद्रित होऊन तयार होती. २०१० साली बँडने ती कंपनीच्या हाती न देता आपल्या वेबसाइटवरून महिन्याला एक अशी फुकट वाटली. अल्बमला नाव दिलं '१६/३३० खजूर रोड'. करोल बागेतल्या ज्या जुन्या बंगल्यात ते वर्षानुवर्षं सराव करायचे, त्याचा हा पत्ता. गेलेल्या मित्राचा आवाज त्यांनी मोल न लावता लोकांच्या हवाली केला. त्या गाण्यांची 'विक्री' काढली तर शून्य येईल. मला तो त्यांचा सगळ्यात मोठा अल्बम वाटतो.

पण पैसा लागतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. गाणारा माणूस जेवतो, त्याला घरभाडं असतं. जुन्या करारांत कंपन्या सगळे हक्क आपल्याकडे घ्यायच्या. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा सुधारला आणि गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कायद्याने बांधला गेला. तरी अशा बँडची चूल मुख्यतः कार्यक्रमांवर पेटते. २०१३ साली सुस्मित सेन बाहेर पडले, तेव्हा आमच्यातले कितीतरी जण म्हणाले, झालं, आता गुंडाळणार. गुंडाळलं नाही. २०१४ साली 'तंदानु' आला आणि कार्यक्रम चालू राहिले. इकडे त्यांना ऐकायचं तर रात्रीची गाडी धरून पुणं गाठावं लागतं, तिकिटाच्या दुप्पट पैसे वरखर्चात जातात. मी जातो. माझ्या खिशातला पैसा त्यांच्यापर्यंत सरळ पोचतो असा मला दिसणारा रस्ता तोच आहे.

आता माझी काळजी. मागे एका कॉलेजच्या गॅदरिंगला मला बोलावलं होतं. जिंतूरकडचा एक मुलगा गिटार घेऊन स्टेजवर आला आणि त्याने 'बंदे' सुरू केलं. पीयूष मिश्रा यांचे शब्द, 'इंडियन ओशन'चं संगीत, 'ब्लॅक फ्रायडे' या चित्रपटातलं. चित्रपट २००४ साली तयार झाला, कोर्टकज्जात अडकला आणि आपल्याकडे २००७ साली लागला. मुलाच्या जन्माच्या आसपासचं गाणं. त्याने लय उतरवली होती, अंतऱ्यात एक जागा स्वतःची घेतली होती आणि ती सुरेख होती. मांडवातली पोरं त्याच्यासोबत म्हणत होती. खाली उतरल्यावर मी विचारलं, "कुणाचं रे हे गाणं?"

"सर, पिक्चरचं हाय."

"बँड कोणता?"

"बँडचं हाय का? मला वाटलं पिक्चरचंच. मी रीलवर ऐकलं."

त्या क्षणी मला दोन्ही वाटलं. गाणं टिकलंय याचा आनंद, आणि ज्यांनी ते केलं त्यांचं नाव वाटेत गळून पडलंय याची हळहळ. गाण्यांची मला चिंता उरलेली नाही. ती पायाने चालतात, कुणीतरी उचलतंच. नाव मात्र आपोआप सोबत येत नाही.

आपल्या भागाने ही गोष्ट फार आधी ओळखली होती. गंगाखेडच्या जनाबाईचा अभंग कुणीही, कुठल्याही चालीत म्हणो, शेवटी 'म्हणे जनी' येतंच. नामदेवांची ६१ पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत, त्यांतही 'नामा' असतो. हिंगोलीतलं नरसी आणि नांदेडचा सचखंड गुरुद्वारा, दोन्ही आमच्या अंगणातले, म्हणून हे ठळकपणे जाणवतं. वामनदादा कर्डकांची गाणी १४ एप्रिलच्या रात्री गल्लोगल्ली वाजतात. गाणाऱ्या पार्ट्या वेगळ्या, वाद्यं वेगळी, पण शेवटच्या कडव्यात 'वामन' हजर. सही गाण्याच्या आतच केलेली असते. कॅसेटचं कार्ड हरवलं, मेमरी कार्डातल्या फाइलचं नाव बिघडलं, तरी ती पुसली जात नाही. आजच्या बँडच्या गाण्यात अशी सही नसते. त्यातून गाणं चित्रपटातलं असेल तर पडद्यावर चित्रपटाचं नाव मोठं, गाणाऱ्याचं कुठेतरी तळाला.

म्हणून विक्रीच्या, व्ह्यूजच्या आकड्यांवरून इतर चाहत्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय. कुणाचे किती श्रोते, कोण कुणाच्या पुढे, यातून एकाही नव्या माणसाच्या कानात गाणं जात नाही. त्या जिंतूरच्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी बोलावून 'कंदिसा' पूर्ण ऐकवला. पुढच्या खेपेला त्याने माइकवर आधी बँडचं आणि पीयूष मिश्रांचं नाव घेतलं, मग गिटार छेडली. आता त्याचे मित्र मला गाणी मागतात.

आणि "सुरुवात कुठून करू" असं विचारणाऱ्यांसाठी: 'कंदिसा'पासूनच करा. मोबाईलच्या स्पीकरवर नको, हेडफोन लावा. 'मा रेवा'मध्ये आधी नुसत्या बासकडे लक्ष द्या, दुसऱ्यांदा ऐकताना तबल्याकडे. मग 'झीनी', मग 'खजूर रोड'. पुण्यात कार्यक्रम लागला की मला कळवा, परभणीहून गाडीची तिकिटं एकत्र काढू.